घाट चढणाऱ्या ट्रेलरचा ताप

मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याला पाच मिनिटे उभे राहिले, तर भिवंडीच्या गोदामांतून माल भरून निघालेल्या ट्रकांची आणि ट्रेलरांची रांग काही संपत नाही. त्यांतल्या अनेक टाटा गाड्यांवर एक चार आकडी संख्या लिहिलेली असते : १६१३, २५१५, ४०१८, ५५३०. रस्त्याकाठच्या मुलांना या संख्या पाठ असतात, अर्थ मात्र क्वचितच ठाऊक असतो. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट गाडीचे कमाल वजन, टनांमध्ये. पुढचे दोन म्हणजे इंजिनाची अश्वशक्ती, दहाच्या पटीत. १६१३ म्हणजे साधारण १६ टन आणि १३० अश्वशक्ती.

आता अश्वशक्तीला टनांनी भागू. १६१३ च्या वाट्याला दर टनामागे सुमारे ८ अश्वशक्ती येते, २५१५ ला ६, ४०१८ ला साडेचार आणि ५५३० ला साडेपाच. तुलनेसाठी दोन माणसे बसलेली साधी मोटारसायकल घेऊ. गाडी आणि माणसे मिळून पाव टन, इंजिन ८ अश्वशक्तीचे, म्हणजे टनामागे ३२! ट्रेलरपुढे तिची चैनच म्हणायची.

सपाट रस्त्यावर टनामागे साडेचार अश्वशक्ती पुरते. पण पडघ्याहून पन्नासएक किलोमीटर पुढे कसारा घाट आहे, आणि तिथे या आकड्याची परीक्षा होते. गाडी 'हीट' होते, काळा धूर सोडते, कधी वाटेतच बसते आणि मागे वाहनांची रांग लागते. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओततो. पण तापलेले पाणी ही अर्धीच गोष्ट आहे. इंजिनाच्या जिवावर बेतणारी उष्णता पाण्यात नसते. ती इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत, म्हणजे निष्कास वायूत असते, आणि बहुतेक जुन्या ट्रकांमध्ये ती दाखवणारा काटाच नसतो. ही उष्णता येते कुठून आणि ती आवरायची कशी, ते आपण पाहू.

प्रथम उष्णता किती, ते काढू. कसारा ते इगतपुरी ही चढण सुमारे ३०० मीटरची आहे. (याच घाटातली रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. तिचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्यामुळे गाडीला कसाऱ्याला जादा इंजिने जोडतात. ट्रेलरच्या नशिबी एकच इंजिन.) ४० टनांचा ट्रेलर ३०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची : ४०,००० × ९.८ × ३००, म्हणजे जवळजवळ ११८ मेगाजूल. एक लीटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा असते. म्हणजे सव्वातीन लीटर डिझेल पुरायला हवे. प्रत्यक्षात चांगले डिझेल इंजिनसुद्धा डिझेलमधली ४० टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा कामात आणते. म्हणून नुसती ही उंची चढायला ८ लीटरांहून अधिक डिझेल जळते. टायरांचे घर्षण आणि पंखा यांचा खर्च वेगळा.

८ लीटरांतली उरलेली ऊर्जा वाया जाते. काही रेडिएटरमार्गे जाते आणि एकूण ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग, म्हणजे ९८ मेगाजूल, निष्कास वायूबरोबर सायलेन्सरमधून जातो. तेवढ्या उष्णतेने ३० अंशाचे सुमारे ३३० लीटर पाणी उकळीला येईल. चढ २० मीटरला १ मीटर धरला, तर ४०१८ गाडी त्यावर ताशी जेमतेम १८ किलोमीटर वेगाने चढू शकते आणि हा सारा प्रकार वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो. इतक्या मंद वेगात समोरून वारा असा लागतच नाही. रेडिएटरमागचा पंखा काय करील तेवढेच.

पण उष्णता किती आणि तापमान किती, हे प्रश्न वेगळे आहेत. हा फरक वर्गात शिकवताना बादलीभर कोमट पाणी आणि तापलेला खिळा यांचे उदाहरण आपण देतो. इथे तो फरक पैशांत मोजावा लागतो. निष्कास वायूचे तापमान किती चढेल, हे त्या उष्णतेचा वाटा किती हवेला मिळतो यावर ठरते.

पेट्रोल इंजिन आणि डिझेल इंजिन यांच्यातला एक महत्त्वाचा भेद इथे लक्षात घ्यायला हवा. साध्या पेट्रोल इंजिनात आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढतात. त्यांचे प्रमाण साधारण तेच राहते. डिझेल इंजिन दर फेऱ्याला छातीभर हवा घेते. ॲक्सिलरेटरने वाढते ते फक्त डिझेल. त्यामुळे हलक्या कामात १ ग्रॅम डिझेलमागे ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त हवा असते, तर पूर्ण भारावर २५ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. १ ग्रॅम डिझेल जळून सुमारे ४३ किलोजूल उष्णता निघते, त्यातले १४ किलोजूल निष्कास वायूत जातात असे धरू. १ ग्रॅम गरम वायूचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे १.१ जूल लागतात. हवा ५० ग्रॅम असेल तर वायू होतो ५१ ग्रॅम, आणि त्याचे तापमान २५० अंशांनी वाढते. हवा २५ ग्रॅम असेल तर ४९० अंशांनी. हवा १८ ग्रॅमवर आली तर ६७० अंशांनी! बाहेरच्या हवेचे ३५ अंश मिळवले की शेवटचा आकडा ७०० अंश सेल्सियसच्या पार जातो. हिशेब ढोबळ आहे, पण रस्त्यावरच्या इंजिनांत मोजलेले आकडे याच पट्ट्यात येतात. विद्यार्थ्यांकडून तो जरूर करवून घ्यावा. आठवीनंतरचे गणित त्याला पुरते.

७०० अंशांना घाबरायचे कशासाठी? ट्रकांच्या बहुतेक इंजिनांतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा असतो. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेला हा मिश्रधातू ५७७ अंशांना वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडू लागतो. इथे चौकस विद्यार्थी विचारील, की सिलिंडरमध्ये जळणाच्या क्षणी तापमान दोन हजार अंशांच्या आसपास असते, मग दट्ट्या पहिल्याच मिनिटाला वितळत का नाही? याचे उत्तर आपल्या प्रयोगशाळेतच आहे. कागदाच्या द्रोणात पाणी भरून तो ज्योतीवर धरला, तर पाणी उकळते पण कागद पेटत नाही. उष्णता येते त्याच वेगाने पाणी ती घेऊन जाते, म्हणून कागद १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. दट्ट्याची उष्णताही कड्यांतून सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात जाते. अनेक इंजिनांत खालून तेलाची धार त्यावर मारलेली असते. शिवाय ज्वाला क्षणभरच असते, मग ताजी हवा येते. त्यामुळे दट्ट्याचा माथा ३०० अंशांच्या आसपास तग धरून राहतो. निष्कास वायू दीर्घकाळ ७०० अंशांवर राहिला, म्हणजे 'येणारी' बाजू 'जाणाऱ्या' बाजूपेक्षा जड होत चालली. द्रोणातले पाणी संपत आले की कागदाचे काय होते, तेही मुलांना दाखवावे. इंजिनात त्याचे रूप म्हणजे माथ्याला भोक पडलेला दट्ट्या, तडकलेले हेड, चिकटलेल्या कड्या. अशा वेळी एकट्या गाडीवर संसार चालवणाऱ्या मालकाचे नुसते इंजिन बसत नाही. गाडी उभी, हप्ते मात्र चालू.

आता काळ्या धुराकडे येऊ. घाटात गाडी 'ओढत' नाही, म्हणून काही मालक मिस्त्रीकडे जाऊन पंप वाढवून घेतात. म्हणजे डिझेल सोडणाऱ्या पंपाचे सील तोडून दर फेऱ्याला जास्त डिझेल जाईल अशी मांडणी करतात. नव्या गाड्यांत हेच काम संगणकातला कार्यक्रम बदलून करतात. गाडी थोडी ओढू लागते, हे खरे. पण हवा तेवढीच राहिली, म्हणून प्रमाण २५ वरून १८ कडे सरकते. वरच्या हिशेबाप्रमाणे तापमान पावणेदोनशे अंशांनी वाढते आणि हवा न मिळालेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. काळा धूर दिसला की ड्रायव्हर म्हणतो, गाडीला जोर आहे. आम्ही म्हणू, गाडीचा श्वास कोंडला आहे. तो धूर घाटाखालच्या गावांच्या छातीत जातो ते आणखी निराळेच. पी.यू.सी. तपासणीत जुन्या गाडीचा धूर मोजतात तो उभ्या, रिकाम्या गाडीचा ॲक्सिलरेटर क्षणभर दाबून. ४० टन ओढणारी तीच गाडी घाटात काय सोडते, हे त्या तपासणीला कळायला मार्ग नाही.

तर मग उपाय काय? डिझेल वाढवायचे असेल तर आधी हवा वाढवायला हवी. हवा वाढवण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांतला पहिला फुकट आहे. तो म्हणजे खालचा गिअर.

टाटांच्या ६९७ या जुन्या, गाजलेल्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. या संख्येतही अर्थ आहे : ६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. दट्ट्याची चाल १२८ मिलिमीटर. यावरून सहा सिलिंडरांचे एकूण आकारमान काढले तर ५.६७५ लीटर येते; विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे. टर्बो नसलेले हे इंजिन दर दोन फेऱ्यांना एवढी हवा ओढते. मिनिटाला १४०० फेरे असतील तर जवळजवळ ४ घनमीटर, २२०० असतील तर सव्वासहा घनमीटर. गरम दिवस आणि सिलिंडर पूर्ण न भरणे हे दोन्ही लक्षात घेता दर घनमीटरमागे सुमारे १ किलो हवा प्रत्यक्ष आत जाते. समजा, चढावर ५० किलोवॅट शक्ती हवी आहे. तिला मिनिटाला सुमारे १८३ ग्रॅम डिझेल लागते. वरच्या गिअरमध्ये १४०० फेऱ्यांवर गाडी रेटली, तर १ ग्रॅम डिझेलला २१ ग्रॅम हवा मिळते. गिअर उतरवून २२०० फेऱ्यांवर आणली, तर ३३ ग्रॅम. आधीच्याच रीतीने तापमानवाढ काढली तर पहिल्या स्थितीत सुमारे ५८० अंश येते, दुसऱ्या स्थितीत ३७०. भार तोच, वेग तोच, पण वायू दोनशे अंशांनी थंड! शिवाय पाण्याचा पंप आणि पंखाही जोरात फिरतात. वरच्या गिअरमध्ये डिझेल वाचते अशी समजूत आहे. सपाटीवर ती बरोबर आहे. घाटात मात्र त्या वाचलेल्या डिझेलची किंमत दट्ट्या मोजतो. इंजिन कण्हू लागण्याआधी गिअर उतरवणारा जुना ड्रायव्हर हा हिशेब कागदावर न मांडताही बरोबर करत असतो.

दुसरा मार्ग टर्बो. निष्कास वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. वाया जाणाऱ्या उष्णतेकडूनच श्वास उसना घ्यायचा, ही युक्ती मोठी सुंदर आहे. पण तिला एक खोड आहे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, तशी टर्बोने दाबलेली हवाही तापते. दाब दुप्पट केला तर ३५ अंशांची हवा १३० अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दुप्पट दाबाने दुप्पट हवा जात नाही.

म्हणून तिसरा मार्ग, इंटरकूलर. रेडिएटरसारखीच एक जाळी पुढे बसवायची आणि टर्बोकडून आलेली हवा तिच्यातून फिरवून ६० अंशांपर्यंत थंड करायची. निरपेक्ष तापमानांचे गुणोत्तर काढले, ४०३ भागिले ३३३, तर हवेची घनता २० टक्क्यांनी वाढलेली दिसेल. हवा जास्त आणि आत जातानाच ७० अंशांनी थंड, असा दुहेरी फायदा. आज रस्त्यावर येणाऱ्या जवळजवळ सर्व जड ट्रकांवर टर्बो आणि इंटरकूलर असतोच. जुन्या गाडीवर टर्बो चढवायचा तर मात्र नुसता टर्बो विकत घेऊन भागत नाही. वाढलेल्या दाबाला दट्ट्या, हेड गॅस्केट आणि तेलाचा पंप सोसणार आहेत का, हे पाहावे लागते. आणि यातले काहीही करण्याआधी एअर फिल्टर उघडून पाहावा. उन्हाळ्याच्या धुळीने तुंबलेला फिल्टर म्हणजे नाक दाबून घाट चढणे.

इतके करूनही तापमान कळणार कसे? डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान सांगतो. बरेचसे लीटर पाणी आणि काही क्विंटल लोखंड तापल्यावर तो हलतो, तेव्हा उशीर झालेला असतो. निष्कास वायूचे तापमान मात्र ॲक्सिलरेटर दाबल्यापासून काही सेकंदांत चढते. अमेरिकेत पिकअप ट्रकांनी जड ट्रेलर ओढणारे हौशी लोक टर्बोच्या तोंडाशी एक तापमापक बसवून घेतात आणि काटा १३०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ७०० अंश सेल्सियसला टेकू लागला की पाय ढिला करतात. या ठिकाणी पाऱ्याचा तापमापक चालणार नाही, पारा ३५७ अंशांना उकळतो. तिथे वापरतात ते तपयुग्म, म्हणजे थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोके जोडून एक सांधा तापवला आणि दुसरा थंड ठेवला, तर मंडलात विद्युतदाब निर्माण होतो, हे झेबेकने १८२१ मध्ये दाखवले.

हा प्रयोग शाळेत सहज होतो. तांब्याची आणि लोखंडाची तार घ्या, घासून त्यांची टोके पिळा, सांधा मेणबत्तीच्या ज्योतीत धरा आणि मोकळी टोके संवेदनशील गॅल्व्हनोमीटरला जोडा. काटा हलतो. पण पुढे एक गंमत आहे. सांधा तापवत नेला तर दाब सुमारे २७० अंशांपर्यंत वाढतो आणि मग चक्क कमी होऊ लागतो. साडेपाचशेच्या सुमारास शून्यावर येतो. अशा तारांचा तापमापक ट्रकवर बसवला, तर इंजिन सर्वांत धोक्यात असताना तो 'सारे थंड आहे' असे सांगेल! म्हणून तिथे क्रोमेल आणि ॲल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंची जोडी वापरतात. तिचा दाब दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असा हजार अंशांच्या पलीकडेही जवळजवळ सरळ रेषेत वाढत जातो.

येथवर उष्णता ही शत्रू होती. गेल्या काही वर्षांत गोष्ट उलटली आहे. एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ मानक लागू झाले आणि नव्या ट्रकांच्या सायलेन्सरच्या जागी एक छोटा रासायनिक कारखानाच आला. त्यात काजळी अडवणारी चिनी मातीसारख्या पदार्थाची जाळी असते. पुढे युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांना साधा नायट्रोजन व पाणी यांत बदलतो. हे सारे चालायला वायू गरम लागतो. युरियाला निदान २०० अंशांच्या आसपास तापमान हवे, नाहीतर नळीत पांढरे खडे जमतात. जाळीतली काजळी जाळून टाकायला ६०० अंशांपर्यंत जावे लागते. उत्प्रेरक मदतीला असले तर थोडे कमी चालते.

आता भिवंडीच्या गोदामांपासून पडघ्यापर्यंत कोंडीत रखडणारा, अर्धा रिकामा बी.एस. ६ ट्रक डोळ्यांसमोर आणा. त्याचा वायू दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास रेंगाळतो, काजळी साठत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग इंजिनाचा संगणक मुद्दाम जादा डिझेल सोडून जाळी तापवतो. त्या वेळी गाडी उभी करून ठेवावी लागली, तर ती वाळल्या गवतावर किंवा भाताच्या पेंढ्यांजवळ उभी करू नये, हे भातशेतीच्या या टापूत प्रत्येकाला माहीत असायला हवे. हाच ट्रक भरून कसारा चढला, तर वाटेत त्याची जाळी पुष्कळशी आपोआप साफ होते. जो घाट जुन्या इंजिनाला जाळायचा, तोच नव्याला स्वच्छ करतो. तरीही वरची मर्यादा सुटलेली नाही. आता तापमानाचे संवेदक जागोजागी आहेत आणि वायू फार तापला की संगणक स्वतःच डिझेल कमी करतो. 'नवी गाडी घाटात अचानक ओढेना' अशी तक्रार आली, तर त्याचे एक कारण हेही असू शकते.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे हे पडघ्याजवळचेच गाव. या रस्त्यावरचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा कसारा घाट टाळून डोंगर पार करतो. मात्र डोंगर पोखरला तरी समुद्रसपाटीपासूनची उंची गाठावीच लागते, म्हणजे ११८ मेगाजूलांतून सुटका नाही. ती ऊर्जा जास्त लांबीत आणि सौम्य चढावर वाटली गेली, की दर मिनिटाला लागणारे डिझेल कमी होते, आणि हवेचे प्रमाण सुधारते.

जुन्या रस्त्याने आलेला ट्रेलर इगतपुरीला चहासाठी थांबतो तेव्हा जाणता ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करत नाही; दोन-तीन मिनिटे ते नुसते चालू ठेवतो. मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणारा टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि त्याचे एक टोक नुकतेच सहाशे-सातशे अंशांच्या वायूत होते. इंजिन एकदम बंद केले तर तेल वाहायचे थांबते, दांड्याजवळ अडकलेले थेंब जळून त्यांचा कोळसा होतो आणि पुढच्या खेपेला तोच कोळसा बेअरिंग खरवडतो. रिकामे चालणारे इंजिन दर ग्रॅम डिझेलमागे भरपूर हवा घेते, त्यामुळे आता टर्बोतून शे-दीडशे अंशांचाच वायू जात असतो. चहा येईपर्यंत दांडा निवतो.